दैवाचा वाटा
भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, विविध चेष्टा आणि पाचवे दैव. संख्याशास्त्र दैव नाकारत नाही. त्याचा वाटा किती, हे तपासते. श्रीरामपूरचा वेगवान गोलंदाज झहीर खान याच्या एखाद्या चेंडूवर झेल सुटणे हा योगायोग. २०११ च्या क्रिकेट विश्वचषकातील ९ सामन्यांत त्याचे २१ बळी ही कौशल्याची साक्ष. शेतीतही तसेच. नगर तालुक्यातील अवर्षणप्रवण हिवरे बाजार हे गाव पर्जन्यमापकावर पाऊस मोजते, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडते. पिण्याचे पाणी आधी राखून उरलेल्या पाण्यावर रब्बीची पिके ठरतात. पाऊस माणसाच्या हाती नाही. पडलेल्या पाण्याचा हिशेब आहे. दैवाची सीमा अशी आखली, की कर्त्याची जबाबदारी स्पष्ट होते.