राहुटी आणि रंगमंदिर

एखाद्या नगरांत रंगमंदिर उभें राहिलें म्हणजे आपण प्रथम काय विचारतों? खुर्च्या ऐसपैस आहेत काय, मागल्या रांगेपर्यंत आवाज पोंचतो काय, गाडी लावण्यास जागा आहे काय, मध्यंतरांत चहा बरा मिळतो काय. हे प्रश्न गैर आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. पदरचे पैसे मोडून आलेल्या प्रेक्षकाची सोय पाहणें हें चालकांचें कर्तव्यच होय. परंतु पडद्यामागें जीं माणसें आपल्याकरितां राबत असतात त्यांची सोय काय, हा प्रश्न या यादींत क्वचितच आढळतो. आम्हांसही तो कोणत्या नाट्यगृहांत सुचला नाहीं. ज्या रंगभूमीस मुळीं घरच नाहीं, तिच्या सहवासांत तो सुचला.

जुन्नर तालुक्यांतील, मीना नदीच्या कांठचें नारायणगांव तमाशाची पंढरी म्हणून महाराष्ट्रास ठाऊक आहे. दरवर्षीं गुढीपाडव्याच्या सुमारास येथें तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. प्रत्येक राहुटीवर फडाचें नांव झळकत असतें. आंत व्यवस्थापक वही उघडून बसलेला असतो. जुन्नर-आंबेगांवचेच नव्हेत, तर दूरदूरच्या गांवांचे कारभारी येतात, आपल्या जत्रेची तिथि सांगतात, घासाघीस करितात आणि सुपारी ठरवून जातात. दसऱ्यापासून तंबू ठोकून तिकिटावर खेळ करीत हिंडलेले फड मग चैत्र-वैशाखांत जत्रांच्या मैदानांत उभे राहतात. गण, गवळण, बतावणी, वग असा सारा थाट रात्रभर चालतो, आणि खेळ संपला कीं सामान गाड्यांत चढून पुढल्या गांवची वाट धरतें. नगरांतील नाट्यगृहास भिंती आहेत, कोनशिला आहे. या रंगभूमीजवळ एक वही आहे आणि तींत लिहिलेल्या तिथि आहेत.

कांहीं वर्षांपूर्वीं आंबेगांव तालुक्यांतील एका जत्रेस आम्ही गेलों होतों. गांवकऱ्यांनीं अगत्यानें पुढल्या रांगेंत बसविलें, हातीं थंड पाण्याचा तांब्या दिला. खेळास अवकाश होता म्हणून आम्ही सहज मागील बाजूस गेलों. तेथें एका गाडीच्या आडोशास, एकाच दिव्याच्या उजेडांत, पेटीला आरसा टेकवून बाया तोंडास रंग लावीत होत्या. शेजारीं एक तान्हें मूल निजलें होतें. त्यांतील एकीनें विचारलें, “काका, हितं पाणी कुठं मिळंल हो?” तांब्या अद्याप आमच्या हातांतच होता. आम्ही त्या गांवचे पाहुणे होतों हें खरें. पण मग त्या कोण होत्या?

कोणी म्हणेल, त्यांस सुपारी मिळाली, व्यवहार पुरा झाला. हें म्हणणें वरवर बिनतोड दिसतें. परंतु दाम दिल्यानें श्रमाची किंमत फिटते, माणुसकीचें ऋण फिटत नाहीं. घरीं आलेल्या गवंड्यासही आपण मजुरी देतोंच. म्हणून त्यानें पाणी मागितलें असतां, तें ठरावांत नव्हतें, असें कोणी म्हणत नाहीं. ज्याच्या कलेनें आपली रात्र सजली, त्याच्या बाबतींतच हा साधा नियम आपणांस कां आठवूं नये?

याच नारायणगांवच्या विठाबाई भाऊ मांग यांची एक हकीकत सर्वतोमुखीं आहे. विठाबाईंचा जन्म १९३५ सालचा. दिवस भरले असतांही त्या फडावर नाचत होत्या. कळा येऊं लागल्या तेव्हां पडद्याआड जाऊन त्या प्रसूत झाल्या, आणि पुन्हां खेळास उभ्या राहिल्या. ही कथा सांगतांना सर्वजण त्यांच्या धैर्याची वाखाणणी करितात, आणि तें योग्यच आहे. परंतु तिचा उत्तरार्ध आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. काय घडलें हें प्रेक्षकांस उमगलें, तेव्हां त्यांनींच खेळ थांबविला आणि बाईंस विश्रांति घेण्यास विनविलें, असें सांगतात. म्हणजे प्रेक्षक निर्दय नव्हता. त्यास पडद्यामागचें दिसलें नव्हतें, इतकेंच. दिसतांच त्याचें हृदय जागें झालें. मात्र कोणी प्रसूत होईपर्यंत दिसूं नये, हा दोष कोणाचा? विठाबाईंचे अखेरचे दिवस हलाखींत गेले. २००२ सालीं त्या निवर्तल्या. आज त्यांच्या नांवें शासन जीवनगौरव पुरस्कार देतें. गौरव करावयास आपण उशीर लावीत नाहीं असें नाहीं. पण विचारपूस करावयास त्याहूनही अधिक लावितों.

कोल्हापुरांत राजर्षि शाहू महाराजांनीं उभारलेलें, १९१५ सालीं खुलें झालेलें आणि पुढें केशवराव भोसले यांचें नांव ल्यालेलें नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं आगींत भस्मसात झालें, तेव्हां सारा महाराष्ट्र हळहळला, आणि तें पुन्हां उभारण्याचा संकल्प लगोलग जाहीर झाला. तें उचितच झालें. आमच्याही डोळ्यांस पाणी आलें. परंतु २०२० सालीं २५ मार्चला, नेमक्या गुढीपाडव्याच्या दिवशीं, महामारीमुळें देशभर टाळेबंदी सुरू झाली. जत्रा बंद पडल्या, वह्या कोऱ्या राहिल्या आणि फडांचा हंगाम बुडाला. त्या वेळीं आमचे डोळे कोरडेच होते. जळालेली वास्तु दिसते, विझलेली चूल दिसत नाहीं.

तर मग फडांसाठीं पक्कीं नाट्यगृहें बांधावीं काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. हिंडणें हा फडाचा प्राण आहे. मोकळें मैदान हाच त्याचा सभामंडप. भिंतींची आवश्यकता नाहीं, आडोशाची आहे. सुपारी ठरवितांना रकमेबरोबर चार गोष्टी वहींत लिहिल्या जाव्या: पिण्याचें व आंघोळीचें पाणी, बायांस कपडे बदलण्यास बंदिस्त जागा, स्वच्छ शौचकूप, आणि दिवसां पाठ टेकण्यास शाळेची एखादी खोली. जें गांव जत्रेवर सढळ हातानें खर्च करितें, त्यास हें जड नाहीं. आणि नगरांतील आम्ही सुशिक्षितांनींही नाट्यगृहांत शिरतांना एक नवा प्रश्न विचारण्याची संवय लावून घ्यावी.

त्या रात्रीं तांब्या आम्हीं त्या बाईंच्या हातीं दिला. त्यांनीं प्रथम मुलाचे ओंठ ओले केले, आणि मग घुंगरूं बांधावयास घेतले. पुढें येऊन आम्ही आपल्या खुर्चीवर बसलों खरे; पण ती पूर्वींइतकी ऐसपैस वाटली नाहीं.