कोऱ्या जागेत कोण राहतं?

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात, उत्तर किनाऱ्यावरच्या कॉफ्स हार्बर आणि बेलिंजन या गावांमागच्या डोंगरांवर निलगिरीची नैसर्गिक जंगलं आहेत. गुंबायंगिर लोकांची ही पिढ्यान्‌पिढ्यांची भूमी. आपल्याकडे माळांवर लावलेल्या निलगिरीतली एक प्रमुख जात, युकॅलिप्टस टेरेटिकॉर्निस, मूळची त्याच किनाऱ्याची. इथं ती जमिनीचं पाणी पिणारी म्हणून बदनाम आहे; तिथं ती कोआलाच्या आवडत्या खाद्यवृक्षांपैकी एक आहे.

कोआला असतो, पण दिसत नाही. दिवसातले अठरा-वीस तास तो उंच फांदीच्या बेचक्यात झोपलेला असतो. म्हणून त्याला शोधणारा माणूस आधी जमिनीकडे बघतो. एक झाड मध्य धरून जवळजवळची एकूण ३० झाडं घ्यायची, प्रत्येकाच्या बुंध्याभोवतीचा मीटरभर पाचोळा चाळायचा आणि लेंड्या सापडतात का ते पाहायचं. एका झाडाला दोन मिनिटं पुरतात. फिलिप्स आणि कॅलहन या संशोधकांनी मांडलेली ही पद्धत कुणालाही शिकता येते. शिक्षक, निवृत्त माणसं, शेतकरी अशा गावकऱ्यांच्या हाती त्यामुळे शास्त्राचं एक अवजार आलं. प्रत्येक नोंदीसोबत जागेचे अक्षांश-रेखांश, तारीख आणि झाडाची जात लिहिली की नकाशावर एक ठिपका उमटतो.

हा ठिपका महत्त्वाचा का, हे कळण्यासाठी सरकारी नियम पाहावे लागतात. २०१८ मध्ये किनारी भागातल्या सरकारी वृक्षतोडीचे नियम बदलले. तोडीआधी कोआलाच्या खुणा शोधण्याची अट गेली आणि संगणकानं अंदाजानं काढलेला अधिवासाचा नकाशा आला. त्यावरून हेक्टरी पाच किंवा दहा खाद्यझाडं राखली की झालं. मला यातली सगळ्यात घातक गोष्ट वाटते ती ही, की नकाशा हाती आला आणि जंगलात जाऊन बघणं थांबलं. नकाशावरची कोरी जागा म्हणजे तिथं कुणी राहत नाही, असं गृहीत धरलं गेलं. खरं तर तिथं कुणी शोधलेलंच नसतं.

पुढच्याच वर्षी वणवे पेटले. २०२० च्या जूनमध्ये राज्याच्या संसदीय समितीनं बजावलं की वेळीच पावलं उचलली नाहीत, तर २०५० च्या आत या राज्यातून कोआला नाहीसा होईल. २०२२ मध्ये पूर्व किनाऱ्यावरच्या कोआलांना ‘संकटग्रस्त’ हा दर्जा मिळाला. तोड मात्र चालूच राहिली.

ग्रेटर ग्लायडर या तरंगत जाणाऱ्या निशाचराची गोष्टही हेच सांगते. त्याच्या ढोलीच्या झाडाभोवती ५० मीटर तोड करायची नाही, असा नियम आहे; पण ढोली नोंदलेली असेल तरच. प्राणी बाहेर पडतो अंधार झाल्यावर, त्यामुळे दिवसाउजेडी शोधणाऱ्याला काय सापडणार? रात्री विजेऱ्या घेऊन फिरणाऱ्या नागरिकांनी ढोली नोंदवल्या. २०२३ मध्ये टॅलागँडाच्या जंगलात तोडीजवळ एक ग्लायडर मृतावस्थेत सापडला आणि राज्याच्या पर्यावरण प्राधिकरणानं काम थांबवलं. पुढच्या वर्षी शोध सूर्यास्तानंतर लगेच सुरू करण्याची अट आली. २०२५ मध्ये साउथ ईस्ट फॉरेस्ट रेस्क्यू या गटाच्या खटल्यात देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं असे नियम मोडल्याबद्दल सरकारी वनमहामंडळाला कोर्टात खेचण्याचा गटाचा हक्क मान्य केला.

तरी ठिपक्यांच्या या न्यायाची मला धास्ती वाटते. ठिपक्याभोवतीचं वर्तुळ वाचतं, तेव्हा वर्तुळाबाहेरचं तुटायला मोकळं होतं. उरतात ती सुटी बेटं. कोआलाला एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना जमिनीवर उतरावं लागतं आणि तिथं मोटारी आणि कुत्री असतात. त्याला सलग जंगल हवं.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये राज्य सरकारनं कॉफ्स हार्बर परिसरातल्या ‘ग्रेट कोआला नॅशनल पार्क’ची सीमा जाहीर केली: ४,७६,००० हेक्टर. त्यातल्या सुमारे १,७६,००० हेक्टर सरकारी तोडजंगलात कुऱ्हाड थांबली. उष्णता टिपणाऱ्या ड्रोननी त्या परिसरात सुमारे १२,००० कोआला असल्याचा अंदाज दिला. हा विजय आहे, आणि त्यात पाचोळा चाळणाऱ्या हातांचा वाटा आहे. पण सीमेबाहेरच्या सरकारी जंगलांत तोड सुरूच आहे. तिथं आधी शोध, मग परवानगी हा क्रम हवा. शोध तोड करणाऱ्याच्या खर्चानं, पण त्याच्याहून स्वतंत्र माणसांनी, रात्रीच्या वेळी व्हायला हवा. त्याच्या नोंदी तोडीआधी गावासमोर उघड झाल्या पाहिजेत, म्हणजे गावकऱ्यांना त्या जाऊन पडताळता येतील.