आधी काम लिही, मग अदब

धुळे

चि. ताईस,


रावेरच्या केळीच्या पॅकहाउसमध्ये तुझा जम बसला, हे तुझ्या आईकडून कळलं. मेलच्या शेवटी 'काइंडली डू द नीडफुल' लिहावं का, असं तू विचारलंस. तुमचे साहेब ते लिहायला सांगतात आणि दुबईचा ग्राहक उलट विचारतो, 'म्हणजे नेमकं काय करू?'

हे इंग्रजी चुकीचं नाही, जुनं आहे. इंग्रजांच्या अमदानीत ते आपल्या कचेऱ्यांत शिरलं. विलायतेत मागे पडलं, इकडे 'योग्य ती कार्यवाही व्हावी'च्या जोडीने टिकून राहिलं. लिहायचंच झालं तर मधला 'द' गाळू नकोस. आणि समोरच्याला काम आधीच पक्कं ठाऊक असेल, तिथेच लिही.

केळीच्या कंटेनरचं तसं नाही. हिरवी केळी साधारण 13 ते 14 अंशांवर न्यावी लागतात. त्याखाली गेली तर साल काळपट पडते आणि फळ धड पिकत नाही. फार वर गेली तर वाटेतच पिकतात. शिपिंगवाल्याला नुसतं 'डू द नीडफुल' लिहिलंस, तर तो कोणता आकडा लावणार? सरळ लिही : 'प्लीज सेट द कंटेनर अॅट थर्टीन पॉइंट फाइव्ह डिग्रीज सेल्सिअस अँड कन्फर्म बाय फाइव्ह पीएम ऑन थर्सडे.' 'अॅट द अर्लिएस्ट'ही नको. वार आणि वेळ दे.

मोठ्या माणसाला असं स्पष्ट सांगणं उद्धटपणाचं वाटेल, ही तुझी खरी अडचण असणार. त्यावर 'कुड यू प्लीज'चा उपाय आहे. त्यात अदब राहते आणि कामही कळतं. आपल्या अहिराणीत कुणी 'ते काम करी टाक' म्हटलं, तर आपण 'कोनतं?' म्हणून विचारतोच ना!

अदबीचे ठराविक शब्द मराठीलाही नवे नाहीत. इथल्या राजवाडे संशोधन मंडळात कधी आलीस, तर इतिहास-संशोधक राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा 1898 साली निघालेला पहिला खंड चाळ. त्यात 1750 ते 1761 मधली, म्हणजे पानिपतापर्यंतची पत्रं आहेत. त्या काळच्या पत्रांत 'बहुत काय लिहिणे' येतं ते शेवटी, सांगायचं ते सांगून झाल्यावर. आपण उलटं करतो. सांगायचं राहून जातं आणि शेवटचा साचा तेवढा उरतो.

म्हणून मेल पाठवण्याआधी 'डू द नीडफुल'चं वाक्य खोडून बघ. मजकूर तसाच कळत असेल, तर त्याची गरज नव्हती. कळेनासा झाला, तर कोणी, काय, कधीपर्यंत करायचं हे लिहायचं राहिलंय, ते लिही. साहेबांनाही हे करून दाखव. समजावत बसण्यापेक्षा ते लवकर पटेल.

तुझा,
मामा