अबलख घोडीचा फोटो

तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते, आणि यात्रेबरोबर घोड्यांचा बाजार. मारवाडी, काठियावाडी, पंजाबकडचे पांढरेशुभ्र नुकरा, सगळी जात तिथं उभी असते. गिऱ्हाईक आधी रंग पाहतं, मग भोवरे, मग दात, शेवटी चाल. चारही पाय आणि कपाळ पांढरं असेल तर पंचकल्याण म्हणून भाव चढतो. डोळ्याखाली भोवरा निघाला तर पुढं बोलणंच होत नाही. हल्ली या सगळ्याच्या आधी मोबाईलवर फोटो पाहिला जातो.

दोंडाईच्याकडचा एक तरुण फोटोग्राफर दरवर्षी या बाजारात विक्रीच्या घोड्यांचे फोटो काढून द्यायचा. एका वर्षी कुणा नानांची अबलख घोडी त्याच्याकडं आली. पांढऱ्या अंगावर काळे डाग. डाव्या खांद्यावर पसरट मोठा, पुठ्ठ्यावर दोन, आणि शेपटीकडं शाई झटकावी तसे बारके ठिपके. स्वार म्हणजे नानांचा नातू. सहावी-सातवीतलं पोर, पण खोगिराशिवाय बसायचं.

अबलख जनावर कॅमेऱ्याला छळतं. पांढऱ्यावर उजेड मोजला तर काळ्याचा कोळसा होतो, काळ्यावर मोजला तर पांढरं जळून जातं. फोटोग्राफरला हे पक्कं ठाऊक होतं. ऊन कलेपर्यंत तो थांबला, उजेड जरा कमीच ठेवला. काळं मागाहून कॉम्प्युटरवर उजळता येतं, जळालेलं पांढरं काही केल्या परत येत नाही. घोडी रेवाल चालीत समोरून गेली. नातू आयाळ धरून पुढं झुकलेला, घोडीचा एक कान मागं वळलेला, त्याचं काहीतरी ऐकत असल्यासारखा. फोटो असा आला की शेजारच्या दावणीवरचे लोकही बघायला जमले.

नानांनी तो निरखून पाहिला आणि खांद्यावरच्या काळ्या डागावर बोट ठेवलं. तिथं एक पांढरी रेघ होती. लहानपणी काटेरी तारेनं कापलं होतं. जखम कधीच भरली, पण वणावर केस पांढरे उगवले. चालीत तसूभर फरक नव्हता.

"भाऊ, एवढं तेवढं पुसून टाका ना. गिऱ्हाईक उगाच शंका काढतं."

फोटोग्राफरनं ते पुसलं. बाजूचेच काळे केस उचलून रेघेवर बसवले, कुणाच्या बापाला ओळखू येणार नाही असे. हात चालूच होता, तर नाकपुडीवरचे गुलाबी ठिपके झाकले, नातवाच्या सदऱ्याचं ठिगळ काढलं. मग त्यावर 'विकणे आहे' आणि नानांचा नंबर टाकायचा होता, आणि मजकुराला जागा नेमकी नको त्या बाजूला होती. त्यानं फोटो आरशातल्यासारखा उलटा करून घेतला. एरवी फोटोवाले सगळेच हे करतात. बिनडागाचा कुम्मैत घोडा उलटा केला तर त्याच्या धन्यालाही कळत नाही.

फोटो फिरला. बारामतीकडच्या एका बागायतदारानं भाव विचारला, आकडा जवळपास जुळला, आणि दुसऱ्या दिवशी तो गाडी करून सारंगखेड्यात हजर. सोबत घोड्यांतला जाणता एक म्हातारा. म्हाताऱ्यानं घोडीभोवती एक फेरी मारली, मोबाईल पुढं धरला आणि थांबला.

"डाग उजव्या खांद्यावर पाहिजे. हिचा डावीकडं आहे. हे जनावर ते नव्हे."

नाना हसले. फोटो उलटा झाला असेल म्हणाले. म्हातारा हसला नाही. अबलख जनावराचे डाग जन्मभर जागा सोडत नाहीत, म्हणून तर माणसं त्यावरून ओळख पटवतात. तो आणखी जवळ गेला आणि बोटानं केस उलटे फिरवले. पांढरी रेघ.

"आणि हा वण? फोटोत कुठाय?"

नाना गप्प. ज्यानं वण लपवला त्यानं पाय लपवला नसेल कशावरून, एवढंच म्हातारा बागायतदाराला म्हणाला. त्याचं काय चुकलं? घोडीला चालवूनसुद्धा न बघता दोघं दुसऱ्या दावणीकडं वळले.

नाना फोटोग्राफरकडं धावले. मूळ फोटो कार्डात होताच. डाग डावीकडं, रेघ जागेवर, सदऱ्याला ठिगळ. तो लगेच बागायतदाराला पाठवला. उत्तर आलं, "आता हा तरी खरा कशावरून?"

त्या रात्री फोटोग्राफर आपल्या उस्तादाकडं गेला. या काकांची अर्धी हयात निगेटिव्हवर अणकुचीदार पेन्सिलीनं लोकांचे देवीचे व्रण बुजवण्यात गेली होती, त्यामुळं ते उपदेश करण्यातले नव्हते. त्यांनी गोष्ट सांगितली ती कॅलिफोर्नियातली. 1877 साली एडवर्ड मायब्रिज या फोटोग्राफरनं लेलंड स्टॅनफर्डच्या ऑक्सिडेंट या दौडत्या घोड्याची तसबीर प्रसिद्ध केली. फारच सफाईदार. प्रत्यक्षात ती चित्रकाराकडून रंगवून घेऊन तिचा फोटो काढलेला, सारथ्याचा तेवढा चेहरा फोटोतला चिकटवलेला. वृत्तपत्रवाल्यांना संशय आला. पुढच्या वर्षी जूनमध्ये त्यानं पत्रकारांनाच पालो आल्टोला बोलावलं. 12 कॅमेरे ओळीनं मांडले, घोड्याच्या वाटेत दोरे ताणले, दोरा तुटला की कॅमेरा उघडायचा. सॅली गार्डनर नावाची घोडी दोऱ्यांनी बिचकून उसळली आणि खोगिराचा तंगच तुटला. सगळे हळहळले. पण काचा धुऊन निघाल्या तेव्हा घोडी हवेत आणि खाली तुटका तंग लोंबतोय, असं चक्क दिसत होतं. तो तंग बघून पत्रकारांची शंका फिटली.

"आणि तुटला नसता तर?" फोटोग्राफरनं विचारलं.

"तर म्हणाले असते, पुन्हा रंगवून आणलंय," काका म्हणाले आणि जेवायला बसले.

बाजार उठायच्या बेताला शिरपूरकडचा एक शेतकरी आला. त्याच्याकडं घोडीचा कुठलाच फोटो नव्हता. त्यानं दात पाहिले, पाय उचलून पाहिले, खांद्यावरच्या रेघेवरून बोट फिरवलं आणि नानांना सोडून नातवाला विचारलं, "काय रे, हे कशानं?" पोरानं तार, रक्त, हळद, आजीचा आरडाओरडा, सगळं सांगून टाकलं. मग रुमालाखाली बोटं दाबली गेली. बागायतदाराच्या आकड्याहून भाव बराच कमी बसला, पण बसला.

नानांनी फोटोग्राफरचे पैसे पुरते मोजून दिले. तो नको नको म्हणत होता. "तुम्ही मी सांगितलं तेच केलंत ना," नाना म्हणाले, आणि नोटा त्याच्या खिशात कोंबल्या.

शेतकऱ्याला नव्या घोडीबरोबर आपला एक फोटो हवा होता. लगाम हातात घेऊन तो ऐटीत उभा राहिला. फोटोग्राफरनं कॅमेरा उचलला तसा तो ओरडला, "ओ भाऊ, इकडून काय काढताय? तिकडनं या, डाव्या अंगानं. ती रेघ स्पष्ट आली पाहिजे. उद्या घोडी चोरीला गेली तर पोलिसांना काय दाखवू?"