एकटीच आलीस का?



२०२५ सालच्या मे महिन्यातली गोष्ट आहे. सायंकाळची मिस्सा आटोपून आम्ही व्हरांड्यात बसलो होतो. आपल्या धर्मग्रामातील एक माता भेटायला आल्या. त्यांची मुलगी इंग्लंडमध्ये ब्रिस्टल शहरात शिकते. (मायलेकींची परवानगी घेऊन, त्यांची नावे न देता आम्ही हे लिहीत आहोत.) खुर्चीच्या कडेवर टेकत त्या म्हणाल्या, "फादर, पोरगी गाण्यांच्या जत्रेला जायचं म्हणते. शेतात तंबू ठोकून पाच दिवस राहायचं. दोघी मैत्रिणी बरोबर जाणार होत्या, त्या मागे सरल्या. एप्रिलमध्ये पैसे परत मिळत होते, तेव्हा हिने घेतले नाहीत. आता म्हणते, एकटी जाते!"

आम्ही पुढचा प्रश्नही विचारला नाही. म्हणालो, "एकटीने जाऊ नये. तिला सांगा, फादरसुद्धा नको म्हणाले."

मातेने तसे सांगितले. त्यानंतर तीन रविवार मुलीचा घरी फोन आला नाही. परदेशात असलेल्या लेकीचा रविवारचा फोन म्हणजे आईच्या आठवड्याचा सण. तो बंद झाला आणि त्यात आमचा हात होता. चौथ्या आठवड्यात मुलीचा आम्हालाच संदेश आला. तिने लिहिले होते : "फादर, तुम्ही आईला 'नको' सांगितलंत. पण मी का चालले आहे, हे मला विचारलं नाहीत. एकटी तर मी इथे रोजच आहे. खोली, वर्ग, दुकानातली नोकरी आणि परत खोली. वर्ष होत आलं, कुणी मला जेवायला बोलावलं नाही. तिथे निदान माणसांत असेन."

बंधु-भगिनींनो, आम्हाला शरम वाटली. सेमिनरीत असताना आम्ही गाब्रिएल मार्सेल या फ्रेंच तत्त्ववेत्त्याचा अभ्यास केला होता. १९२९ साली ते कॅथलिक झाले. माणसाने दुसऱ्यासाठी 'उपलब्ध' असावे, हा त्यांचा एक मोठा विचार आहे. उपलब्ध असणे म्हणजे नुसता वेळ देणे नव्हे, तर समोरच्याला आपल्या आत जागा देणे. त्या विषयावर आम्ही मोठा निबंध लिहिला होता, गुणही चांगले मिळाले होते. परंतु प्रत्यक्ष परीक्षा आमच्याच व्हरांड्यात झाली आणि तिच्यात आम्ही नापास झालो.

त्याच रात्री आम्ही तिला फोन केला. खूप वेळ बोललो, त्याहून जास्त वेळ ऐकले. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेलो. आईची भीती खोटी नव्हती. एवढ्या गर्दीत दारू असते, अमली पदार्थही शिरतात, हे आम्ही लपवले नाही. पण 'जाऊ नको' याऐवजी 'कशी जाशील?' हा प्रश्न आता घरात सुरू झाला. उजेड असताना पोहोचायचे, तंबू वाटेच्या जवळ ठोकायचा, वैद्यकीय मदतीचा तंबू कुठे आहे ते पहिल्याच दिवशी पाहून ठेवायचे आणि रोज सकाळी आईला संदेश पाठवायचा, असे ठरले. आईने आणखी एक गोष्ट शिकवली, "कुणी विचारलं, एकटीच आलीस का, तर सांग, मैत्रिणी मागून येताहेत."

आता ही जत्रा कसली ते थोडे सांगितले पाहिजे. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात पिल्टन नावाचे खेडे आहे. तिथे मायकेल ईव्हिस या शेतकऱ्याचा दुभत्या गाईंचा गोठा आहे. हे गृहस्थ मेथॉडिस्ट पंथाचे ख्रिस्ती आहेत. १९ सप्टेंबर १९७० रोजी त्यांनी आपल्या शेतात पहिल्यांदा गाण्याचा कार्यक्रम ठेवला. तिकीट होते एक पौंड आणि त्यात शेतावरचे दूध मोफत! सुमारे दीड हजार माणसे आली. आज त्याच शेतात आणि आजूबाजूच्या रानात दोन लाखांवर माणसे जमतात. २०२५ साली २५ ते २९ जून असे पाच दिवस हा उत्सव झाला. तिकीट ३७३ पौंड ५० पेन्स, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने चाळीस हजारांवर रुपये. तिकिटावर आपला फोटो असतो, ते दुसऱ्याला देता येत नाही. काही वर्षांआड उत्सव बंद ठेवून जमिनीला विसावा देतात. २०२६ हे तसे विसाव्याचे वर्ष ठरवलेले आहे. लेवीय ग्रंथातील सातव्या वर्षाची आठवण व्हावी अशीच ही रीत.

या उत्सवाला ग्लास्टनबरी म्हणतात, ते जवळच्या गावावरून. त्या गावात एके काळी बेनेडिक्टाइन संन्याशांचा मोठा मठ होता. अरिमथाईकर योसेफ तिथे आला होता, अशी दंतकथा आहे आणि तिच्यामुळे शतकानुशतके यात्रेकरू तिथे जात. राजा आठव्या हेन्रीने मठ बंद पाडला. १५ नोव्हेंबर १५३९ रोजी वृद्ध मठाधिपती रिचर्ड व्हायटिंग यांना गावाजवळच्या टेकडीवर फाशी दिले गेले. १८९५ साली ख्रिस्तसभेने त्यांना धन्यवादित घोषित केले. मठाचे आज भग्नावशेष उरले आहेत. संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीत असे सांगितले आहे की, दारी आलेल्या प्रत्येक पाहुण्याचे स्वागत तो ख्रिस्तच आहे असे समजून करावे. पाहुणा एकटा आहे की लवाजम्यासह, हे पाहायला सांगितलेले नाही.

आता आपल्या मुलीकडे वळू. बुधवारी ती आगगाडीने कासल कॅरी स्थानकात उतरली. तिथून उत्सवाची मोफत बस असते. पाठीवर बोजा घेऊन तासभर चालली. एका उतारावर जागा मिळाली. तंबू नवा, कधी उभारलेला नाही. काठ्या एकीकडून बसवाव्यात तर दुसरीकडून निसटाव्यात. शेजारच्या तंबूत एक साठीचे जोडपे होते. बाई उठल्या, न बोलता त्यांनी काठीचे दुसरे टोक धरले. तंबू उभा राहिल्यावर त्यांनी विचारले, "एकटीच आलीस का?"

आईने शिकवलेले उत्तर हिने देऊन टाकले, "मैत्रिणी मागून येताहेत."

गुरुवारी सकाळी त्याच बाईंनी चहाचे तीन मग भरून आणले. एक हिच्यासाठी, दोन त्या न आलेल्या मैत्रिणींसाठी! हिला रडू कोसळले. तिने खरे काय ते सांगितले. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुझ्या आईने बरोबर शिकवलं. पण आता असं करू. रोज सकाळी आठ वाजता आमच्याकडे चहा. तू आली नाहीस तर आम्ही तुझ्या तंबूशी येऊन हाक मारू."

मुलगी आम्हाला नंतर म्हणाली, "फादर, वर्षभरात पहिल्यांदा असं झालं की मी दिसले नाही तर कुणाच्या तरी लक्षात येणार होतं."

सगळे दिवस गोड गेले असे नाही. शनिवारी रात्री मोठ्या रंगमंचासमोर अफाट गर्दी होती. सगळे आपापल्या घोळक्यात, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गात होते. हिच्या खांद्यावर कुणाचा हात नव्हता. गर्दीतला एकटेपणा खोलीतल्या एकटेपणापेक्षा जास्त बोचतो. गाणे अर्धवट सोडून ती बाहेर पडली, पाण्याच्या नळाशी जाऊन तोंड धुतले. उद्या पहाटेच निघावे असे तिच्या मनात आले. चालता चालता हरे कृष्ण भक्तांचा तंबू लागला. तिथे येईल त्याला मोफत जेवण देतात. गरम भात-भाजीचा वास आला आणि तिला घर आठवले. अनोळखी माणसांच्या पंगतीत मांडी घालून ती जेवली. कुणी तिचा धर्म विचारला नाही. मग तंबूत येऊन तिने रोझरीचा एक दशक म्हटला आणि झोपली. सकाळी आठ वाजता चहाला गेली. त्या दिवशी ती परत निघाली नाही, शेवटपर्यंत राहिली.

आपल्या लेकीला परक्या मुलखात कुणी जेवू घातले, याची नोंद आपण कृतज्ञतेने ठेवू या.

बंधु-भगिनींनो, तंबूत राहून गाणी गाण्याचा सण आपल्या पवित्र शास्त्राला नवा नाही. इस्राएली लोकांचा मंडपांचा सण असाच होता. पीक घरात आल्यावर सात दिवस झावळ्यांच्या मांडवात राहायचे आणि वाळवंटातील दिवस आठवायचे. मिश्ना या यहुदी ग्रंथात त्या सणाच्या रात्रींचे वर्णन आहे. मंदिराच्या अंगणात उंच दिवे पेटत, भक्तजन मशाली घेऊन नाचत आणि लेवी लोक पंधरा पायऱ्यांवर उभे राहून वीणा, झांजा, कर्णे वाजवीत. स्तोत्रसंहितेतील आरोहणस्तोत्रेही पंधराच आहेत.

या सणाला आपला प्रभू कसा गेला? संत योहानाच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय उघडून पाहा. त्याचे भाऊ त्याला 'चल' म्हणत होते, परंतु त्यांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. ते पुढे गेले. मग तोही गेला, उघडपणे नव्हे, गुपचूप. घरच्यांच्या घोळक्याबरोबर तो गेला नाही. त्या गर्दीत कुणाच्या तरी मांडवात तो टेकला असेल, कुणी तरी त्याला भाकरी दिली असेल. आपण कुणाला जागा दिली, हे त्या यजमानाला कदाचित कळलेही नसेल. योहानाने आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभी शब्द देहधारी होऊन आपल्यात राहिला असे सांगताना जे ग्रीक क्रियापद वापरले आहे, त्याचा मूळ अर्थ तंबू ठोकणे असा आहे. देवाने आपल्या वस्तीत तंबू ठोकला. शेजारी कोण येते, याची निवड त्याने केली नाही.

आणि त्या सणाची आज्ञा काय होती? अनुवादाच्या सोळाव्या अध्यायात ती आहे. तू आनंद कर आणि तुझ्याबरोबर तुझी मुले, तुझे चाकर, लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांनीही आनंद करावा, असा तिचा आशय. ही यादी कुणाची आहे, ते पाहा. परका, अनाथ, विधवा म्हणजे सणाला एकटे येणारे लोक. ते मांडवाबाहेर राहिले तर तो सण देवाने सांगितलेला सण राहत नाही.

आता आपल्या मंदिराकडे या. गेल्या वर्षी एक गृहस्थ आमच्या कार्यालयात आले. नव्या इमारतींपैकी एका इमारतीत भाड्याने राहत होते. म्हणाले, "फादर, बदली झाली. दुसऱ्या धर्मग्रामात देण्यासाठी पत्र हवं आहे." आम्ही विचारले, "इथे किती दिवस होता?" ते म्हणाले, "दोन वर्षे. शेवटच्या बाकावर, खांबाच्या बाजूला बसायचो." दोन वर्षे दर रविवारी आम्ही त्यांना ख्रिस्तप्रसाद दिला होता. त्यांचे नाव आम्ही पहिल्यांदा लिहिले ते निरोपाच्या पत्रावर.

आपल्याकडे सण आला की प्रत्येक घराचा मांडव सजतो, नातेवाईक येतात, ताटे भरतात. आपण अगत्यशील आहोत, परंतु आपले अगत्य बहुधा ओळखीच्यांसाठी असते. लग्नात, जत्रेत, सणाच्या मिस्सेला एखादी बाई एकटी दिसली की आपणही विचारतो, "एकटीच आलात?" पण आपल्या प्रश्नात पुष्कळदा संशय असतो, चौकशी असते. नवरा कुठे, मुले का आली नाहीत, काही बिनसले का? ती बाई पुढच्या वेळी येत नाही. पिल्टनच्या शेतात त्या बाईंनी विचारले तेव्हा शब्द तेच होते, परंतु त्यांच्या हातात तंबूच्या काठीचे दुसरे टोक होते.

एकट्याने निघणे हे काही पाप नाही. जो घोळका घेऊन जातो, त्याला शेजाऱ्याची गरजच पडत नाही. जो एकटा जातो, त्याला कुणाच्या तरी दाराशी उभे राहावे लागते आणि त्यासाठी धैर्य लागते. आपल्या तरुण मुला-मुलींना आम्ही सांगू की, निघताना डोळे उघडे ठेवा, सावध राहा, घरी कळवत राहा आणि शेजारच्या तंबूतल्या माणसाचे नाव विचारा. आई-वडिलांना सांगू की, 'नको' म्हणण्याआधी 'का जातोस?' एवढे विचारा. हा सल्ला आम्ही आधी स्वतःला दिला आहे.

आणि तुम्हा सर्वांकडे एक मागणे आहे. आज मिस्सा संपल्यावर लगेच रिक्षाकडे धावू नका. शेवटच्या बाकाकडे पाहा. जो चेहरा ओळखीचा नाही, त्याच्याजवळ जा. नाव विचारा, आपले सांगा. येत्या सणाला आपल्या पंगतीत एक पान जास्त मांडा. पुढच्या रविवारी ती व्यक्ती दिसली नाही, तर तिच्या घरी जाऊन हाक मारा. नव्याण्णव मेंढरे सोडून एकाच्या मागे जाणाऱ्या मेंढपाळाला हरवलेले मेंढरू कळले, कारण तो मोजत होता.

ती मुलगी नाताळात घरी आली होती. मध्यरात्रीच्या मिस्सेला आम्ही तिला पाहिले. ती आईजवळ बसली नव्हती. मागे खांबाच्या बाजूला, एका अनोळखी आजीशेजारी बसून ती त्यांना गायनाच्या पुस्तकातले पान काढून देत होती.

प्रभूमध्ये आपले,
प्रमुख धर्मगुरू