उसना पोशाख

‘एक नूर आदमी, दस नूर कपडा’ ही म्हण आपल्या बाजारपेठांत इतकी रुळली आहे की, तिचा अर्थ तपासून पाहण्याची गरज कोणालाच वाटत नाही. माणसाच्या अंगचे तेज एकपट आणि त्याच्या वस्त्रांचे दसपट, असा हिशेब ती मांडते. आणि बाजार हिशेबाचाच असल्यामुळे तेथे तो पुष्कळदा खराही ठरतो. परंतु बाजारात जे खरे ठरते ते न्याय्यही असते काय, हा प्रश्न उरतोच. काही महिन्यांपूर्वी तो अगदी साध्या रूपात आमच्यापुढे उभा राहिला, आणि त्याचे जे उत्तर आम्ही दिले ते चुकले. ती चूक मनातून जात नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

बेळगावातील एका कापडदुकानाच्या दारावर ‘विक्रीकामासाठी मुली पाहिजेत; समक्ष भेटावे’ अशी पाटी लागली होती. आमच्या कचेरीतील कारकुनांच्या मुलीने ती वाचली. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन तिला वर्ष लोटले होते. वडिलांची प्रकृती तोळामासा, धाकटा भाऊ अद्याप शिकणारा. तेव्हा नोकरीची निकड होती. भेटीच्या आदल्या संध्याकाळी ती आमच्या घरी आली ती दोन पिशव्या घेऊन. साड्या विकायच्या तर साडीच नेसून जावे, असा तिच्या आईचा आग्रह. एका पिशवीत तिची स्वतःची निळी सुती साडी होती. अनेकदा धुतलेली, रंग किंचित उतरलेली, पण काठ शाबूत असलेली. दुसऱ्या पिशवीत शेजारच्या बाईंनी मोठ्या मायेने दिलेली रेशमी साडी होती. तिने विचारले, “काका, ही नेसून गेले, तर ते खोटं बोलल्यासारखं होईल का?”

आम्ही पडलो वकील. उत्तर जिभेवर तयारच होते. “साडी कोणाची हे तिथं कोण विचारणार? आणि विचारलं नाही, तर सांगण्याची जबाबदारी तुझी नाही,” असे आम्ही हसत सांगितले. ती रेशमी साडी नेसून गेली.

मालकांनी तिला आपादमस्तक न्याहाळले. तिचे बोलणे स्वच्छ. मराठी, कन्नड, हिंदी या तिन्ही भाषा तिला येतात. हिशेबातही ती पक्की. पण मालक म्हणाले, “घरचं चांगलं दिसतंय तुमचं. अशा मुली हौसेनं येतात, आणि सणाची गर्दी झाली की सोडून जातात. आम्हाला गरजू मुलगी पाहिजे.” त्या क्षणी एकच वाक्य तिला तारू शकले असते: साडी माझी नाही, पण गरज माझी आहे. ते वाक्य तिच्याने उच्चारवले नाही. नमस्कार करून ती परत आली. साडी इस्त्री होऊन शेजारी पोहोचती झाली. आमचा सल्ला मात्र परत घेता येण्याजोगा नव्हता.

कायद्याच्या दृष्टीने त्या मुलीवर कसलाही ठपका येत नाही. आपला करार कायदा १८७२ सालचा आहे. कपट कशास म्हणावे हे त्याच्या कलम १७ मध्ये सांगितले आहे, आणि केवळ मौन म्हणजे कपट नव्हे असे त्याखालील स्पष्टीकरण आहे. बोलणे हे जेथे कर्तव्य असते, किंवा मौन हेच बोलण्यासमान ठरते, तेवढे प्रसंग वगळावयाचे. आमचा सल्ला याच स्पष्टीकरणावर उभा होता, आणि न्यायालयात तो खचित टिकला असता. परंतु त्याच कलमात आणखीही एक गोष्ट सांगितली आहे. पाळण्याचा हेतू नसताना दिलेले वचन हेही कपटच होय. या भागाकडे आमचे लक्ष गेले नाही. कारण पोशाख हे एक प्रकारचे वचन असते, ही गोष्टच तोवर आम्हांला सुचली नव्हती.

नोकरी मागावयास जाणाऱ्याचा पोशाख म्हणजे त्याच्या कुळाचा, ऐपतीचा किंवा अभिरुचीचा दाखला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. उमेदवार त्याच समजुतीने नटतो, आणि दुकानदार त्याच समजुतीने पाहतो. आमच्या मते ही दोघांचीही गफलत आहे. दाखला भूतकाळाविषयी बोलतो. दुकानाच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाचा पोशाख भविष्याविषयी बोलत असतो. ‘आज मी जशी आले आहे, तशी रोज येईन,’ एवढेच त्याचे म्हणणे. सुती साडीला हे वचन महिन्याच्या अखेरीसही पाळता येते. शेजारणीच्या रेशमी साडीला ते दुसऱ्या दिवशीही पाळता येत नाही. त्या मुलीच्या मनात कपट नव्हते. ती घाबरलेली होती, आणि भीतीला आम्ही कायद्याचा आधार पुरवला. उसन्या वस्त्राने दुकानदाराची फसगत झाली की नाही, हा मुद्दा गौण आहे. त्या वस्त्राने तिचे तोंड बंद केले, हा मुख्य.

यावर कोणी म्हणेल, तर मग पोशाखाचा विचारच कशाला? माणसाने आहे तसे जावे. गुण पाहावेत, वस्त्रे पाहू नयेत. हे म्हणणे उदात्त आहे, पण अर्धेच खरे आहे. आम्ही स्वतः इतकी वर्षे काळा कोट आणि पांढरा बँड घालून न्यायालयात उभे राहतो. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाखाली वकील परिषदेने केलेले नियमच तसे आहेत. मे २०२० मध्ये महामारीच्या दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने कोट आणि गाऊन तात्पुरते बाजूला ठेवण्यास सांगितले. साधी पांढरी वस्त्रे आणि बँड एवढ्यावर वकील पडद्यावरून युक्तिवाद करू लागले. त्यामुळे एकाही निकालाचे वजन गुंजभर कमी झाले नाही. कोटात कायदा नसतो, हे तेव्हा सर्वांना दिसले. तरीही क्षुल्लक तारखेसाठी उभे राहताना आम्ही बँड नीट बांधतो. कारण आपले काम याने मनावर घेतले आहे, हे मागे बाकावर बसलेल्या अशिलाला त्याच्यावरूनच कळते. पोशाखातील नीटनेटकेपणा हा दुसऱ्याच्या कामाविषयीचा आदर असतो, आणि तो गरिबालाही दाखवता येतो.

आता दुकानदाराची बाजू पाहू. कारण त्यालाही बाजू आहे. दुकानातील मुलगी दुसऱ्याचा माल हाताळते. जरीचा काठ अंगठीच्या खड्यात अडकला तर धागा ओढला जातो. तेलकट वा घामेजल्या हाताचा डाग फिक्या रेशमावरून सहसा जात नाही. मोकळे केस उलगडलेल्या घडीवर पडले तर गिऱ्हाईक नाक मुरडते. म्हणून नखे कापलेली असावीत, हात स्वच्छ असावेत, केस बांधलेले असावेत, पोशाख धुतलेला आणि हालचालीला मोकळा असावा, असे दुकानदाराने म्हटले तर तो त्याचा हक्कच आहे. या अटी कामातून निघालेल्या आहेत, आणि पाण्याने, साबणाने व थोड्या वेळाने त्या पुऱ्या करता येतात. याहून अधिक शोभा हवी असेल, तर तीही त्याने मागावी. पण मग तिचा खर्चही त्यानेच सोसावा. काही दुकाने सर्व मुलींना एकाच रंगाच्या साड्या देतात. ही रीत आम्हांला बरी वाटते. कारण सारख्या साडीत कोणाच्या घरी काय आहे, हे गिऱ्हाइकाला दिसत नाही आणि मुलींनाही एकमेकींचे दिसत नाही. जे पुरवले नाही ते मागू नये, एवढी साधी मर्यादा त्याने पाळावी.

ही मर्यादा ओलांडली म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण अमेरिकेतील आहे. २००८ साली ओक्लाहोमा राज्यातील टल्सा शहरी सतरा वर्षांची एक मुसलमान मुलगी ‘अबरक्रॉम्बी अँड फिच’ या कंपनीच्या कापडदुकानात नोकरी मागावयास गेली, ती डोक्याला रुमाल बांधून. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी तिला पात्र ठरवले होते. परंतु नोकरांनी कसे दिसावे याचे त्या कंपनीचे एक धोरण होते. त्यात टोपीला मनाई होती, आणि वरिष्ठांनी रुमालालाही तीच मनाई लावली. मुलीला नोकरी मिळाली नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. कंपनीचा बचाव असा की, रुमाल धर्मापोटी आहे हे तिने आम्हांला सांगितलेच नाही. २०१५ साली न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मताने हा बचाव अमान्य केला. उमेदवाराने काय सांगितले, एवढ्यावर प्रश्न मिटत नाही. नकार देताना मालकाच्या मनात कोणता हेतू होता, हे पाहावयाचे, असा त्या निर्णयाचा रोख आहे.

दोन मुली, दोन दुकाने आणि दोन्हीकडे मौन. टल्साच्या मुलीच्या डोक्यावरचे वस्त्र तिचे स्वतःचे होते, म्हणून तिच्या मौनाला कायदाही लागेल तेव्हा भाषा देऊ शकला. आमच्या मुलीच्या अंगावरचे वस्त्र दुसरीचे होते, म्हणून खरे बोलण्याची संधी समोर चालून आली असताही तिला बोलता आले नाही.

‘तू जसा आहेस तसा चालणार नाहीस’ ही आज्ञा आपल्या मुलखाला नवी नाही. १७३६ साली गोव्यातील इन्क्विझिशनने काढलेल्या फर्मानात स्थानिक ख्रिस्ती पुरुषांनी पुडवें नेसू नये, स्त्रियांनी चोळी घालू नये, असे हुकूम होते. दुकानदाराच्या हाती तसली सत्ता नाही, आणि दोहोंची तुलना करणे अन्यायाचे होईल. तथापि ज्याची चूल त्या नोकरीवर पेटावयाची आहे, त्याला मालकाची साधी पसंती-नापसंतीही फर्मानासारखीच वाटते. आपल्या राज्यघटनेचे कलम १६ शासकीय नोकरीपुरते आहे. कलम १५ गिऱ्हाईक म्हणून दुकानात शिरणाऱ्याला संरक्षण देते. दोन्ही कलमांच्या यादीत धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यांची नावे आहेत. दारिद्र्याचे नाव नाही. फिक्या साडीमुळे नाकारल्या गेलेल्या मुलीला कोणत्या कलमाखाली दाद मागावी हे आम्ही सांगू शकणार नाही. म्हणूनच हा प्रश्न न्यायालयाचा न राहता दुकानाच्या गादीवर बसलेल्या माणसाच्या सदसद्विवेकाचा होतो.

मग आम्ही त्या मुलीला काय सांगावयास हवे होते? आपल्याजवळ जे आहे त्यातील सर्वांत नीटस असेल ते नेस. रात्री धू, सकाळी इस्त्री कर, सुटलेला टाका घाल. पदर खांद्यावर पिनेने बसव, म्हणजे हात मोकळे राहतील. अंगठी घरी ठेव. अत्तर लावू नकोस. पायांत अशा चपला घाल की ज्यांवर दिवसभर उभे राहता येईल. दागिना मागून नेऊ नकोस. मागावयाचाच असेल, तर आरसा माग. आणि घरच्या स्थितीविषयी विचारले, तर मान वर करून खरे सांग. एवढे सांगावयास वकिली लागत नव्हती. कदाचित् म्हणूनच ते आम्हांला सुचले नाही.

आमची चूक आम्ही तिच्याजवळ कबूल केली. ती म्हणाली, “तुम्ही सांगितलं नसतं, तरी मी तीच नेसले असते, काका. विचारायला आले ते होकार ऐकायलाच.” हे आमचे समाधान करण्यासाठी होते की खरेच तसे होते, कोण जाणे. पुढे ती दुसऱ्या एका दुकानात निळी सुती साडी नेसून गेली आणि तिला नोकरी मिळाली. हा सुती साडीचा विजय, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. त्या दुकानाला माणसांची निकड होती, इतकेच.

दिवाळीच्या आधी आम्ही सहकुटुंब त्या दुकानी गेलो. रात्रीचे आठ वाजत आले होते. दुकानाने दिलेली साडी तिच्या अंगावर शोभत होती. समोर साड्यांचा ढीग होता, आणि सकाळी दहापासून उभी असलेली ती मुलगी हसून नवनव्या घड्या उलगडत होती. मधूनच ती शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर घेई. केरळने २०१८ साली आणि तामिळनाडूने २०२१ साली दुकानातील नोकरांना बसण्याची सोय असावी असा कायदा केला, तो आम्हांला आठवला. नोकरी देताना मालक आपादमस्तक न्याहाळतात. या शब्दात पायही येतात, याचे भान पुढे राहत नाही.

आम्ही मालकांना विचारले, “इथं बसायला काही मिळेल का?” मालक सज्जन होते. त्यांनी लगबगीने आतून स्टूल मागवले, फडक्याने पुसले, आणि आमच्यापुढे ठेवले. “यांच्यासाठी म्हणत होतो,” असे म्हणून आम्ही त्या मुलीकडे बोट दाखवले. मालक हसले, तीही हसली. आम्ही त्या स्टुलावर बसलो नाही. आणि तीही बसली नाही.