तह, मतपेटी आणि अजिंठ्याचा डोंगर

सोयगावातून दक्षिणेला पाहिलं की अजिंठ्याचा डोंगर आडवा पसरलेला दिसतो. वेताळवाडीचा किल्ला, त्याला लागून हळद्या घाट, आणि घाट चढून गेलं की सिल्लोडचं पठार. अजिंठ्याची लेणी आमच्याच तालुक्यात असल्यामुळे येणारा पाहुणा त्यांचीच चौकशी करतो. हाच डोंगर एका तहनाम्यात सरहद्द म्हणून लिहिला गेला होता, हे कुणी विचारत नाही आणि आम्हीही सांगत नाही.

ऑगस्ट १८०३ मध्ये दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा अजिंठ्याच्या घाटाने निजामाच्या मुलखात शिरल्या. २३ सप्टेंबरला केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, असईला, इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने त्यांचा पराभव केला. शाळेच्या पुस्तकात गोष्ट इथे संपते. खरं तर पुढचे तीन महिने जास्त शिकवणारे आहेत. शिंद्यांचे वकील इंग्रजांच्या छावणीत गेले, २३ नोव्हेंबरला लढाई थांबवण्याचं ठरलं, पण भोसले त्या करारात नव्हते. सहाव्याच दिवशी अडगावला पुन्हा रण पेटलं. शिंद्यांची फौज ठरल्याप्रमाणे दूर गेली नाही, सबब करार उरला नाही, असं वेलस्लीचं म्हणणं. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. १७ ला भोसल्यांनी देवगावला तह केला आणि ३० ला शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावला. अजिंठ्याच्या डोंगरापासून गोदावरीपर्यंतचा मुलूख शिंद्यांनी सोडला. जालना गेलं, गंगापूर गेलं. काही पिढीजाद गावं तेवढी राखून घेतली.

तेव्हा चोवीस वर्षांचे असलेले दौलतराव हा तह करताना कुणाकडे पाहत होते? समोर वेलस्ली होता, पण धास्ती पाठीमागची होती. यशवंतराव होळकर या युद्धात उतरलेच नव्हते. वर्षभरापूर्वी त्यांनीच पुण्याजवळ शिंदे आणि पेशवे यांच्या फौजांची दाणादाण उडवली होती. पेशवे बाजीराव तर वसईला इंग्रजांशी तह करून बसले होते. घरात असं असताना शत्रूशी ताणून धरण्याची ताकद येणार कुठून?

निवडणूक तेव्हा नव्हती, असं आपण म्हणू. होती, फक्त ती लंडनमध्ये. ईस्ट इंडिया कंपनीचे संचालक भागधारकांच्या मतांवर निवडून येत. या युद्धांनी कंपनीचं कर्ज फुगलं, तशी तिकडे कुरकुर वाढली. १८०५ साली गव्हर्नर जनरल वेलस्लीला, म्हणजे आर्थरच्या थोरल्या भावाला, परत जावं लागलं. त्याच्या जागी आलेला कॉर्नवॉलिस गाझीपूरला वारला, पण धोरण बदललं ते बदललंच. त्या नोव्हेंबरात ग्वाल्हेर आणि गोहद शिंद्यांना परत मिळाले. रणात गेलेलं थोडंफार हिशेबाच्या वहीने परत दिलं. पराक्रमाच्या गोष्टी सांगणाऱ्यांना हा भाग आवडत नाही, मला फार आवडतो.

आता खऱ्या मतदाराकडे येऊ. राजकारण्यांचा एक पक्का समज आहे: निवडणुकीआधी वाटाघाटीत काही सोडलं तर लोक फाडून खातील. अमेरिकेत १९६८ साली मतदानाला पाच दिवस उरले असताना अध्यक्ष जॉन्सन यांनी उत्तर व्हिएतनामवरची बॉम्बफेक थांबवली. दोनच दिवसांत सायगावच्या सरकारने पॅरिसच्या बोलण्यांना यायला नकार दिला, आणि त्यामागे विरोधी पक्षाचे उमेदवार निक्सन यांच्या माणसांची फूस होती हे पुढे कागदपत्रांतून दिसलं. करार झाला तो थेट जानेवारी १९७३ मध्ये. मधली चार वर्षं माणसं मरत राहिली.

पण आपला मतदार खरोखर असा फाडून खातो का? मला दोन दाखले आठवतात.

पहिला ताश्कंदचा. १० जानेवारी १९६६ च्या करारात युद्धात जिंकलेली हाजी पीर खिंड पाकिस्तानला परत द्यायचं ठरलं. त्या शिष्टमंडळात संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण होते. दिल्लीत महावीर त्यागी यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, संताप झाला. पुढच्याच वर्षी निवडणूक आली. काँग्रेसने अनेक राज्यं गमावली, पण ती महागाई, दुष्काळ आणि धान्याच्या टंचाईपायी. महाराष्ट्रात २७० पैकी २०३ जागा काँग्रेसलाच मिळाल्या. यशवंतरावांना कुणी हाजी पीरचा जाब मतपेटीतून विचारला नाही.

दुसरा कारगिलचा. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार एका मताने पडलं आणि युद्ध लढलं ते काळजीवाहू सरकारने. पडद्याआड इस्लामाबादशी बोलणी चालू होती. राज्यसभेचं अधिवेशन बोलवा म्हणून विरोधक ओरडत होते, ते काही बोलावलं गेलं नाही. जुलैअखेर युद्ध संपलं आणि सप्टेंबरात मतदान. विजयाची लाट येणार असं सगळे धरून चालले होते. भाजपच्या जागा १९९८ ला १८२ होत्या. १९९९ ला किती? १८२. महाराष्ट्रात तर विधानसभेचंही मतदान सोबतच होतं. एकाच केंद्रात, एकाच खेपेला दोन मतं. लोकसभेच्या ४८ पैकी २८ जागा शिवसेना-भाजप युतीला मिळाल्या आणि विधानसभेत तीच युती २८८ पैकी १२५ वर अडली. विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले. काँग्रेस आणि राष्ट्रवादी काँग्रेस वेगळ्या लढल्या नसत्या तर आकडे आणखी निराळे दिसले असते, पण मुद्दा तोच राहतो: सरहद्दीचा प्रश्न आणि पाटाच्या पाण्याचा प्रश्न मतदाराने वेगवेगळ्या खिशांत ठेवले.

२०१९ माझ्या विरोधात जातं, हे कबूल. पुलवामा, बालाकोट आणि लगेच निवडणूक; भाजप २८२ वरून ३०३ वर गेला. पण तिथे टेबलावर बोलणी नव्हती, काही सोडायचंही नव्हतं. झटका देऊन मोकळं होता येतं तेव्हा मतं मिळतात. तहाची परीक्षा त्या निकालात झालीच नाही.

म्हणून मला वाटतं, पुढाऱ्याला वाटणारी मतदाराची भीती ही मतदारापेक्षा मोठी असते, आणि त्या भीतीची किंमत सरहद्दीवरची गावं मोजतात. तहनाम्यात डोंगर सरहद्द ठरला तेव्हा या पायथ्याच्या माणसांना कुणी विचारलं नव्हतं. सोयगाव डोंगराच्या उत्तरेला, तरी १९४८ पर्यंत निजामाच्याच राज्यात राहिलं. आता विचारायची सोय आहे. पुढच्या वेळी प्रचाराची गाडी घाट उतरून येईल आणि भोंग्यावर शत्रूला धडा शिकवण्याची भाषा सुरू होईल, तेव्हा उमेदवाराला एवढंच विचारा, की बोलणी करायची वेळ आली तर तुम्ही काय सोडाल? त्याला पटकन उत्तर सुचणार नाही. तरी विचारा. सोयगाव आणि असई, डोंगराच्या अलीकडचं आणि पलीकडचं, ही दोन्ही गावं आज एकाच जालना लोकसभा मतदारसंघात आहेत.